नाच सोडू नका, बाटली सोडा



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका कार्यकर्त्याचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वय ३९. मोर्चात पहिला, पोलीस ठाण्यात पहिला, रात्री दोन वाजता कुणाला रक्त लागले तर फोन उचलणारा पहिला. पोट सुटले होते, साखर वाढली होती, गोळ्या आठवल्या तर घ्यायचा. एका रात्री हळदीच्या पार्टीवरून घरी आला, छातीत जळजळतंय म्हणाला, ॲसिडिटी असेल म्हणून झोपला. सकाळी उठलाच नाही. त्याची मोठी मुलगी सातवीत आहे.

विहारात भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिले. पाचवे शील आम्ही सगळ्यांनी मोठ्या आवाजात म्हटले. भाषणे झाली, समाजाची कधी न भरून येणारी हानी वगैरे. आणि त्याच संध्याकाळी त्याचेच पाच-सहा मित्र त्याच्या आठवणीत ‘बसले’. मलाही फोन आला. “भाऊ, येतो का? त्याला आवडायचं.”

मी गेलो नाही. पण यात माझा काही मोठेपणा नाही. तीन वर्षांपूर्वी गेलो असतो. तेव्हा माझे वजन ९१ किलो होते, कंबर १०४ सेंटिमीटर, आणि सतराव्या प्रतिज्ञेवर तरुणांना व्याख्यान देऊन त्याच रात्री ढाब्यावर क्वार्टर फोडण्यात मला काही वावगे वाटत नव्हते. म्हणून आज जे लिहितो आहे ते वरून खाली उपदेश म्हणून नाही. एकाच ताटात जेवलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगावे तसे सांगतो आहे.

वस्तीत काम करताना तरुण पोरे मला एक प्रश्न नेहमी विचारतात. “सर, पार्टी न सोडता वजन कमी होईल का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे उत्तर आहे, होईल. पण त्यासाठी आधी पार्टी म्हणजे काय हे ठरवावे लागेल.

उत्सव हा आपला हक्क आहे

इंटरनेटवरचा कुठलाही फिटनेस गुरू सांगेल, सोशल लाइफ कमी करा, लग्नांना जाऊ नका, रात्री आठनंतर घराबाहेर पडू नका. हा सल्ला ज्याने दिला त्याच्या बापजाद्यांना गावच्या रस्त्यावरून वाजतगाजत जाण्यासाठी कधी भांडावे लागले नसावे. आपल्याला लागले. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून डोकी फुटली आहेत. जयंतीची मिरवणूक ‘वरच्या’ गल्लीतून न्यायची की नाही यावरून आजही गावे पेटतात. १४ एप्रिलचा नाच म्हणजे ज्या रस्त्यावर आपली सावलीही चालत नव्हती त्या रस्त्यावर आपले पाय वाजवणे आहे. तो नाच वजनाच्या काट्यासाठी सोडा असे मी कधीच म्हणणार नाही.

शिवाय चळवळ माणसांत राहूनच होते. बारसे, लग्न, धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहाराची वर्गणी, बैठक, बैठकीनंतरचे जेवण. कार्यकर्त्याने घरी एकट्याने बसून ओट्स खायचे ठरवले तर त्याची कंबर कमी होईल, पण संपर्कही कमी होईल.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी जत्रा-तमाशांच्या मागे सतत फिरण्यातले धोके सांगितले आहेत. कुठे नाच आहे, कुठे गाणे आहे, एवढाच शोध घेत फिरणाऱ्या माणसाबद्दल ते बोलणे आहे. वर्षातले पाच-दहा दिवस समाजासोबत आनंद करणारा माणूस वेगळा, आणि आठवड्यातले चार दिवस निमित्त शोधणारा वेगळा. आपण यातले नेमके कोण, हे ज्याचे त्याने बघावे.

आता पार्टीचे चार तुकडे करा. माणसे, नाच, जेवण आणि दारू. माणसे सोडायची गरज नाही. नाच तर व्यायामच आहे. जेवण सांभाळता येते. प्रश्न राहतो तो चौथ्या तुकड्याचा. आणि गंमत अशी की आपण ‘पार्टी’ हा शब्द उच्चारतो तेव्हा आपल्याला पहिले तीन आठवतच नाहीत. ओली पार्टी असेल तर ती पार्टी, नाहीतर ‘नुसतं जेवण होतं यार’.

कोसलच्या राजाची थाळी

वजन कमी करण्याची गोष्ट आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे जुनी आहे. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी एका बैठकीत द्रोणभर भाताचे जेवण करायचा. असाच एकदा तुडुंब जेवून, धापा टाकत तो बुद्धांच्या भेटीला आला. बुद्धांनी त्याची अवस्था पाहिली आणि एक छोटी गाथा म्हटली. अर्थ इतकाच की जो जाणीवपूर्वक खातो, मिळालेल्या अन्नात मात्रा ओळखतो, त्याचे दुखणे कमी होते आणि तो सावकाश म्हातारा होतो.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा, रोज शंभर कहापण देईन. सुदस्सन रोज म्हणू लागला. राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आला. शरीर सडपातळ झाले, तेव्हा स्वतःच्या अंगावरून हात फिरवत त्याने बुद्धांचे उपकार मानले.

या गोष्टीत काय नाही ते बघा. बुद्धांनी राजाला राजवाडा सोडायला सांगितले नाही, उपवास करायला लावले नाही, पंगतीत बसू नको म्हटले नाही. मात्रा सांगितली. आणि ती हळूहळू कमी झाली, एका आठवड्यात नाही. दुसरे म्हणजे राजालासुद्धा एकट्याच्या निश्चयाने जमले नाही. जेवताना आठवण करून देणारा माणूस शेजारी लागला. आपल्या ग्रुपमध्ये “घे रे अजून एक, काय होतंय” म्हणणारे दहा असतात. सुदस्सन एकही नसतो. मात्रा कळणे याला पालीत ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणतात. पंचवीस हजारांच्या डाएट प्लॅनमध्ये यापेक्षा फार वेगळे काही नसते.

क्वार्टरचा हिशेब

आता चौथ्या तुकड्याकडे येऊ. श्रद्धा बाजूला ठेवा, नुसता हिशेब करा.

एक ग्रॅम साखरेत किंवा प्रथिनात ४ कॅलरी असतात, तेलात ९, आणि शुद्ध अल्कोहोलमध्ये ७. म्हणजे दारू साखरेपेक्षा तेलाच्या जवळची आहे. १८० मिलीच्या, ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. ज्वारीच्या दोन भाकरींएवढ्या. भाकरीत निदान प्रथिने, लोह आणि तंतू तरी असतात, क्वार्टरमध्ये यातले काहीच नसते. तेवढी ऊर्जा खर्च करायला सुमारे दीड तास झपाझप चालावे लागेल. रात्री एक वाजता कोण चालतो?

चकणा वेगळाच. १०० ग्रॅम खारे शेंगदाणे साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात. वर शेव, चिली चिकन, सोड्याऐवजी कोल्ड्रिंक असेल तर त्यातली साखर, आणि ‘उतरावी’ म्हणून रात्री दीड वाजता बिर्याणी. आठवड्याला दोन क्वार्टर धरल्या तरी वर्षाला ४४ हजार कॅलरी होतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. शरीर अगदी गणिताप्रमाणे चालत नाही, पण साडेपाच किलो कुठून येऊ शकतात याचा अंदाज यावरून येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीर अल्कोहोल साठवून ठेवू शकत नाही. ते विष समजून आधी जाळते. तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. म्हणून “मी पितो पण कमी जेवतो” हा हिशेब पोटावर फसतो. झोप येते पण गाढ लागत नाही, दुसऱ्या दिवशी गोडाची आणि तळलेल्याची भूक वाढते, व्यायाम बुडतो. एका रात्रीची पार्टी दोन दिवस खाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कुठलेच प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी मद्यपानाचे सहा तोटे मोजले, त्यात पैशाचा नाश पहिला, मग भांडण, मग आजार. पुढे बदनामी, लाज जाणे आणि बुद्धी दुबळी होणे. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत उभे राहा, सहाच्या सहा दिसतील.

आपल्याच पोटाचा धोका जास्त का?

कुणी म्हणेल, थोडे पोट असले म्हणून काय झाले, अंगाने तर बारीकच आहे. इथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. तरीही वजनाच्या मानाने आपल्या बाळांत चरबी टिकलेली होती, स्नायू कमी होते. आईच्या पोटातले कुपोषण पुढे मधुमेहाचा धोका वाढवते, असे त्यांचे म्हणणे.

आता आपल्या आज्यांचा विचार करा. पिढ्यानपिढ्या शिळ्या भाकरीवर, उरल्यासुरल्यावर गरोदरपण काढलेल्या बाया. जातीने आपल्याला जमीन दिली नाही, शाळा दिली नाही, आणि उपासमारीचा हा वारसाही शरीरात ठेवला. म्हणूनच भारतीयांसाठी धोक्याची रेषा खालीच आखलेली आहे. बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, याच्या पुढे धोका. टेप बेंबीच्या रेषेत धरा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका, फसवणार कुणाला?

‘हे संस्कृतीकरण नाही का?’

आमच्यातल्याच काही वाचणाऱ्या मित्रांचा आक्षेप असतो. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्ग लोकांवरच्या पुस्तकात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली. खालच्या ठरवलेल्या जाती मांस-मद्य सोडून वरच्या जातींचे अनुकरण करतात आणि वर सरकू पाहतात. मग दारू सोडा म्हणणे म्हणजे बामणी सोवळेपणाच नाही का?

आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा काढून बघा. सतरावी दारूची आहे. मांस खाऊ नका अशी प्रतिज्ञा त्यात एकही नाही. १९२७ मध्ये महाडला त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, ते लादलेली लाचारी झुगारायला. बामणी सोवळेपणाची नक्कल करायची असती तर आधी मटण बंद केले असते. ब्राह्मण व्हायचे नव्हते, माणूस व्हायचे होते. मजुरी घरी पोचावी, बाईने मार खाऊ नये, डोके ताळ्यावर राहावे, एवढ्यासाठी ती प्रतिज्ञा आहे.

उलट खरे सोवळे आज जिममध्ये आणि डाएट चार्टवर दिसते. ‘सात्त्विक’, ‘डिटॉक्स’, चमचाभर तूप, पनीर. आपल्या ताटातले काय वाईट होते? ज्वारी-बाजरीला गरिबाचे अन्न म्हणून हिणवले, आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर झाल्यावर तीच ‘मिलेट्स’ म्हणून मॉलमध्ये विकली. वाळलेल्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. फक्त मीठ धुऊन काढा, बीपी असेल तर बेताने खा. एका अंड्यात सहा ग्रॅम. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली तेव्हा गरिबाचे स्वस्त प्रथिन ताटातून काढून घेतले गेले, त्यावर आपण भांडलो आणि भांडायलाच हवे. पण त्याच तोंडाने दोनशे रुपयांची क्वार्टर पिऊन मुलाच्या अंड्याचे पैसे उडवायचे, ही कुठली प्रतिकाराची संस्कृती?

मग करायचे काय?

मी जे केले आणि ज्याचा उपयोग झाला तेवढेच सांगतो. चौदा महिन्यांत बारा किलो कमी झाले. एकही जयंती, एकही जवळचे लग्न चुकवले नाही.

कार्यक्रमाला उपाशीपोटी जाणे बंद केले. निघण्याआधी घरी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ. दुपारपासून उपाशी माणूस रात्री दहाला पंगतीत बसला की पसेनदी होतो.

पंगतीत आधी मटणाचे तुकडे आणि कांदा-काकडी, मग एक भाकरी, शेवटी भात, तोही निम्मा. रश्श्यावरचा तवंग बाजूला. बुफे असेल तर एकच फेरी. कुणी आग्रह केला तर हसून हात जोडायचे, ताट झाकायचे.

चहाकडे नीट बघा. कार्यकर्त्याचा दिवस चहावर चालतो. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे. तेवढ्यात अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. मी चहा तीनवर आणला, साखर अर्ध्यावर. पहिला आठवडा डोके दुखले, नंतर सवय झाली. वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटलीही सोडा, ती साखरेचेच पाणी आहे.

व्यायाम आठवड्याला निदान १५० मिनिटे झपाझप चालण्याइतका, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. जिमची फी परवडत नसेल तर विहाराचे आवार आहे. जोर मारा, बैठका मारा. आपण बैठका घेतो खूप, मारत नाही. समता सैनिक दलाची कवायत जिथे चालते तिथे सकाळी जा. लेझीम फक्त एप्रिलमध्येच का? आठवड्यातून तीनदा अर्धा तास लेझीम खेळून बघा, कुठल्याही झुम्बाला भारी पडते. आणि ताई-वहिनींना यात जागा द्या. आपली पंगत उठेपर्यंत त्या चुलीपाशी, मग उरलेले शिळे त्यांच्या वाट्याला. कार्यकर्त्याच्या बायकोचे बीपी कुणी मोजत नाही.

आता दारू. मी कमी करून बघितली, जमली नाही. दोन पेगांनंतर तिसरा नको हे ठरवणारे डोकेच दुसऱ्या पेगात गेलेले असते. पूर्ण सोडली तेव्हा सोपे झाले. मित्रांत बसतो, हातात ताक किंवा लिंबूसोडा असतो, रात्री साडेदहाला उठतो. पहिले तीन महिने टोमणे खाल्ले. नंतर त्यांच्यातल्याच एकाने खालच्या आवाजात विचारले, “कसं सोडलं रे?” मात्र जो रोज पितो, सकाळी हात थरथरतात, त्याने एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टरला भेटावे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जावे. त्याला हसू नका, तो आजारी आहे.

एकट्याचा नाही, कमिटीचा प्रश्न

निवडणूक आली की उमेदवाराकडून वस्तीत मटण आणि खोकी येतात. ज्याच्या बाटलीने रात्र काढली त्याला सकाळी प्रश्न कसा विचारणार? आपले मत किती रुपयांना जाते हे त्याला त्या रात्रीच कळते. संविधानाचे कलम ४७ वाचा. लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे आणि नशाबंदी या दोन्ही गोष्टी त्यात एकाच ठिकाणी राज्याच्या कर्तव्यात लिहिल्या आहेत. सरकारने पोषण विसरून दारूचा महसूल मोजला. ते कलम निदान आपल्या जयंती कमिटीने तरी पाळावे. वर्गणीतला एक रुपयाही ओल्या पार्टीला नाही, हा ठराव लिहून काढा. एप्रिलच्या उन्हात सहा तास नाचणाऱ्या पोराला पाणी, ताक, केळी द्या. मंडपाशेजारी साखर आणि बीपी तपासायचे टेबल लावा. सामाजिक काम करणारे डॉक्टर आपल्यात आता कमी नाहीत.

बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना मधुमेहाने किती पोखरले होते हे सांगत नाही. औषध, पथ्य, डॉक्टर असलेल्या माईसाहेबांची देखरेख, सगळे करूनही ६५ व्या वर्षी ते गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला, तो त्यांना हातात घेता आला नाही. त्यांचे शरीर समाजासाठी झिजले. आमच्या ३९ वर्षांच्या मित्राचे शरीर कशासाठी झिजले, याचे उत्तर शोकसभेत कुणीच दिले नाही.

त्याची मुलगी यंदा लेझीम पथकात आहे. मिरवणुकीत मी तिच्या मागे नाचणार आहे, शेवटच्या चौकापर्यंत, आणि घरी शुद्धीत येणार आहे. ज्यांनी मला त्या संध्याकाळी फोन केला होता त्यांनाही मी आताच सांगून ठेवले आहे, तुम्हीपण या. सकाळी सहाला विहाराच्या आवारात कंबर मोजायची टेप घेऊन मी बसलेला असतो, जयंतीपर्यंत रोज.

जयभीम! नमो बुद्धाय!